सात सलाम आणि एक उडी

सरकारी बूट पायांत चढवायला कडूबा हरकाऱ्याला इतका वेळ लागला, की गोजरबाईच्या तव्यावर चार भाकरी झाल्या आणि पाचवी करपली.

"आवं, बूट घालून राह्यलात का बैल जुपून राह्यलात?" गोजरबाईनं चुलीपुढूनच विचारलं.

"सरकारी माल हाय. त्याला जल्दी चालत न्हाई," कडूबा म्हणाला आणि उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, दोन खुंट ठोकून त्यावर धोतर नेसवावं तसा राहिला. बुटांचं कातडं जाडजूड, उंची नडगीच्या निम्म्यापर्यंत आणि वरून खालपर्यंत नाडी आवळलेली. कुठल्याशा कचेरीत कुणाला तरी हरकाऱ्यांच्या पायांची दया आली होती आणि त्या दयेचा एक जोड आष्टीपर्यंत येऊन पोचला होता. सोबत हुकूमही होता, की हरकाऱ्यानं थैली न्यायची ती बूट घालूनच.

आता कडूबा कोण हे सांगायला हवं. परतूरच्या स्टेशनावर आगगाडीतून उतरलेली टपालाची थैली खांद्यावर घ्यायची आणि घुंगरांची काठी वाजवत आष्टीला पोचवायची, हे काम तो बावीस वर्षं करत होता. तेही अनवाणी. त्याचा वेग असा, की आधी कडूबा येई आणि त्याच्या घुंगरांचा आवाज मागून येई. नव्या माणसाला वाटे, दोन हरकारे आहेत.

वाटेत एक ओढा होता. गाडीरस्त्याचा उतार गाठून पलीकडे जायचं तर पाऊण कोसाचा वळसा पडे. कडूबानं दोन खडकांमधली एक अरुंद जागा हेरून ठेवली होती. धावत यायचं, काठावर टाच टेकायची, टुणकन उडायचं आणि पलीकडे. रुंदी नऊ हात. कुणाला जास्त वाटत असेल तर त्यानं एखादा हात कमी करावा, ओढ्याची काही हरकत नाही.

तर त्या दिवशी कडूबा बूट घालून गेला, परतुरात थैली घेतली, ठकठक करत ओढ्यापाशी आला, टाच टेकली आणि उडाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा पलीकडचा खडक जागेवर नव्हता. निदान कडूबाला तसंच वाटलं. थैली आणि तो, दोघंही पाण्यात.

घरी आल्यावर गोजरबाईनं एक शब्द न बोलता थैली उपडी केली, अंगणात बाजेवर कार्डं पसरली, पाकिटं दोरीवर टाकली आणि मग बोलायला सुरुवात केली. ते बोलणं पाकिटं वाळेपर्यंत पुरलं. बोलता बोलता तिची पाठ बाजेकडे झाली आणि तेवढ्यात चंद्री शेळीनं दोरीवरचं सगळ्यांत मोठं, लाल लाखेची मोहर असलेलं पाकीट उचललं.

"अगं, शेरडी! शेरडी!" कडूबा ओरडला.

तोवर चंद्रीनं मोहरसुद्धा गिळली होती.

"कुणाचं होतं वो?" गोजरबाईचा आवाज प्रथमच खाली आला.

"मला कुठं वाचता येतं? मोठं होतं येवढं खरं."

ते पाकीट टपालाचे मोहतमीम, म्हणजे वरचे अधिकारी, कमरोद्दीन साहेब यांचं होतं. आष्टीचं डाकघर सांभाळणाऱ्या शाळामास्तरांना त्यांनी लिहिलं होतं, की येत्या जुम्म्याला आम्ही तपासणीसाठी येत आहोत, उतरायची सोय करावी, स्वयंपाकात मिरची कमी असावी. आता हैदराबादच्या राज्यात जुम्मा म्हणजे शुक्रवार, शाळेला सुट्टी. मास्तर सासुरवाडीला मंठ्याला गेलेले, चावडीला कुलूप, पाटील शेतावर. कमरोद्दीन साहेबांची दमणी भर उन्हात चावडीपुढे येऊन थांबली तेव्हा साऱ्या आष्टीत त्यांच्या येण्याची बातमी एकट्या चंद्रीच्या पोटात होती. तीच समोर उभी होती. तिनं साहेबांच्या शेरवानीचा वास घेतला आणि त्यात कागद नाही असं पाहून तोंड फिरवलं.

साहेब ठेंगणे, गोल, डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल रूमी टोपी. रागावले की आधी गोंडा हले, मग साहेब. गोंडा आता जोरात हलत होता. बातमी कळताच कडूबा बुटांतच ठकठकत धावत आला, थोडं अलीकडेच बूट काढले आणि वाकून हात कपाळाला लावला.

"ये क्या सलाम है?" साहेब कडाडले. "मक्खी उडा रहे? हैदराबाद में सात सलाम करते, झुक के! और सातवें पे रुकना, जब तक जवाब न मिले."

कडूबानं सात सलाम केले. गुडघे वाकवून, हात जमिनीपर्यंत नेऊन. सातव्याला तो खाली थांबला. साहेब जवाब द्यायच्या ऐवजी चौकशी करू लागले.

"हमारा ख़त कहाँ गया?"

"शेरडीनं खाल्लं, सरकार," कडूबा खालूनच म्हणाला.

"बकरी ने?"

"जी. मोहरेसकट."

"और बकरी को ख़त किसने दिया?"

"म्या न्हाई दिलं, सरकार. दोरीवर वाळत घातल्तं. भिजलं व्हतं. म्या वढ्यात पडलो व्हतो."

एवढ्यात सायकलची घंटी वाजली. पाटलांचा भाचा भुजंग आला होता. त्याच्यापाशी आष्टीतली एकुलती एक सायकल होती आणि तो ती चालवण्यापेक्षा पुसतच जास्त असे. त्यानं सायकल साहेबांना दिसेल अशी तिरपी लावली.

"हुजूर, कडूबाकाका माणूस बिलकुल चांगला," तो म्हणाला, "पण आता वय झालं. पायात दम न्हाई राह्यला. टपाल म्हंजे सरकारचा जीव, तो वढ्यात टाकून कसं जमायचं? माझी सायकल हाय. थैलीवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा न्हाई."

साहेबांनी सायकलकडे पाहिलं, घंटी एकदा स्वतः वाजवली, त्यांना ती आवडली. मग कडूबाकडे बोट केलं. "तुम. ये नाली कूद के दिखाओ."

चावडीपुढची नाली अडीच हातांची. बकऱ्यासुद्धा ती न पाहता ओलांडत. पण कडूबा इतका वेळ गुडघ्यांत वाकून थांबला होता, की पोटऱ्यांत मुंग्यांनी बाजार भरवला होता. तो तसाच खालून उठला, उडाला आणि नालीच्या बरोबर मध्ये उतरला. त्यातलं जे काही उडालं ते साहेबांच्या शेरवानीवर गेलं.

भुजंगनं घाईनं आपला रुमाल पुढे केला. तो रुमाल त्याला पुढे फार उपयोगी पडला. साहेब त्याच संध्याकाळी पाटलांच्या घरी कमी मिरचीचं जेवले आणि तिथेच त्यांनी हुकूम सांगितला. परवा परतुराहून दोन थैल्या निघतील. एक सायकलवर, एक कडूबाच्या खांद्यावर. ज्याची थैली आष्टीच्या चावडीवर आधी आणि कोरडी येईल, तो हरकारा. दुसऱ्यानं कामाला रामराम करायचा. आणि कडूबानं बूट घालायचे, कारण बुटांचा हुकूम कागदावर आहे. स्टेशनावर बूट पाहूनच थैली मिळेल. ओढ्यापाशी आम्ही स्वतः खुर्ची टाकून बसू.

"हारलास तर घुंगरांची काठीसुदिक जमा करावी लागंल," शेजाऱ्यानं कडूबाला येऊन सांगितलं.

कोपऱ्यातली काठी कडूबानं उचलून मांडीवर घेतली आणि घुंगरांवरची धूळ पुसली. बावीस वर्षांत त्या काठीवर धूळ बसली नव्हती, तरीही पुसली.

"उद्या ख्वाजाभाईकडं जाऊन या," एवढंच गोजरबाई म्हणाली. "गावात अक्कल असंल तर तिथंच असंल."

ख्वाजामियाँ जातीचा पिंजारी. थंडी पडायला लागली होती, रजयांचे दिवस, त्याच्या झोपडीत छतापर्यंत कापूस साठलेला. कडूबा गेला तेव्हा ख्वाजामियाँ छताला टांगलेल्या पिंजणीच्या तातीवर लाकडी मोगरी मारत होता. ठण्ण! की कापूस आढ्याला. ठण्ण! की पुन्हा आढ्याला.

कडूबानं सगळं सांगितलं. ख्वाजामियाँ हात न थांबवता ऐकत होता.

"म्हातारा झालो, ख्वाजाभाई," कडूबा शेवटी म्हणाला.

"खोटं बोलू नको. तू म्हातारा झाला तर मी काय झालो? मी तुझ्यापेक्षा चार साल मोठा. इकडं ये. टाच दाखव."

त्यानं कडूबाची टाच धरली आणि पाठीमागची जाड शीर दोन बोटांत पकडून गिऱ्हाईकानं तात पारखावी तशी ओढून सोडली.

"आवाज करते!" तो खूश होऊन म्हणाला. "एकदम बराबर तात. बघ कडूबा, ही माझी तात कशाची? बकऱ्याच्या आतड्याची. तुझी तात अल्लामियाँनं आतच बसवून दिली. पोटरी म्हंजे कमान आन् ही शीर म्हंजे तात. तू टाच टेकली की तात ताणते, आन् ताणली की फेकते. उडतो कोण? तुला वाटतं तू उडतो. बिलकुल न्हाई. तुला तात फेकते, जसा मी कापूस फेकून राह्यलो."

"मंग वढ्यावर का न्हाई फेकलं तिनं?"

ख्वाजामियाँनं शेजारचं एक फडकं उचललं, तातीच्या मध्याला गच्च गुंडाळलं आणि मोगरी मारली. थप्प. कापूस जागचा हलला नाही.

"हे तुझे बूट. घोटा आवळून टाकला. टाच वाकंना, तर तात ताणंल कशी? आता दुसरं बघ." त्यानं फडकं सोडलं, तात बोटानं मागे ओढली आणि तशीच धरून ठेवली. धरून ठेवून त्यानं पान खाल्लं, आतल्या बायकोला, अकबरबीला, हाक मारून चुना कमी लावल्याची तक्रार केली, आणि मग बोट हळूच पुढं आणत सोडलं. कापसाची एक काडीही उडाली नाही. "हे तुझे सात सलाम. तू खाली थांबला. ताणल्याला जोर मुरून गेला, गरम होऊन हवेत गेला. ताणलं की लगेच सोडायचं. मधी थांबलं की गेलं."

"पायाचं असं असतं?"

"पटत न्हाई? बूट काढ. त्या ढिगावर मार उडी. पहिली वाकून थांब, तीस मोजून मार. दुसरी वाकला की लगेच."

कडूबा वाकला, तीस मोजले, उडाला, ढिगाच्या काठावर बसला. मग पुन्हा आला, वाकला आणि लगेच सुटला. सुटला तो थेट आढ्याला. टाळू वाशाला लागली, वाशानं त्याला परत पाठवलं आणि तो कापसात असा रुतला, की वर फक्त शेंडी राहिली. दारात रजई न्यायला आलेली साळूबाई पांढरीशुभ्र आकृती ढिगातून उठताना पाहून रजई न घेताच पळाली.

"दिसलं?" ख्वाजामियाँनं विचारलं.

"दिसलं," कडूबा कापूस थुंकत म्हणाला. "पण बुटाचं काय?"

"ओढ्यापाशी काढ आन् मार उडी. कोण बघतं?"

"न्हाई, ख्वाजाभाई. बूट घालून थैली न्यायचा हुकूम हाय. बावीस वर्स थैली नेली, एक लबाडी न्हाई केली. सायेब समोर बसणार आन् म्या हुकूम मोडू?"

आता याला काय म्हणावं? ख्वाजामियाँनं कपाळाला हात लावला. चंद्रीला घेऊन दाराशी येऊन उभी राहिलेली गोजरबाई मात्र हसली.

"वहिनी, हसून काय राह्यल्या?"

"काय न्हाई," गोजरबाई म्हणाली. "सायेब समोरच बसणार हायेत न्हवं? झालं तर मंग. आन् ख्वाजाभाई, तुमी माज्या चंद्रीकडं लई बघून राह्यलात. तिची तात मिळायची न्हाई."

"नको वहिनी," ख्वाजामियाँनं हात जोडले. "तिच्या पोटात सरकारी मोहर हाय. तिची तात लावली तर माझ्या रजया आधी कचेरीत तपासायला न्याव्या लागतील."

त्याच दुपारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, कडूबा परतूरला निघाला तेव्हा गोजरबाई स्वतः त्याच्या पायांशी बसली आणि बुटांच्या नाड्या बांधल्या. बैलाच्या कासऱ्याला मारतात तशी गाठ, एक टोक लांब सोडलेलं.

"ही कसली गाठ?" कडूबानं विचारलं.

"सुटी. एक टोक वढलं की खल्लास. रातच्याला बूट काढू नका, तसेच झोपा. आन् वढ्यापाशी सायेब दिसले की आपल्या आईबापानं काय शिकवलंय ते आठवा. बास."

कडूबाला काही उमगलं नाही, पण लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यानं मान हलवली.

सकाळी परतुराहून दोन्ही थैल्या एकदमच निघाल्या. भुजंगनं सायकलवर टांग मारली, घंटी वाजवली आणि धुळीत दिसेनासा झाला. मागे कडूबा, ठकठक, ठकठक. प्रत्येक पाऊल जमिनीवर आपटे आणि तिथेच संपे. पूर्वी एक पाऊल दुसऱ्याला पुढे ढकली, आता प्रत्येकाला स्वतंत्रपणे उचलून न्यावं लागत होतं. घुंगरांचा आवाज आज त्याच्या पुढे चालला होता आणि तो ऐकून कडूबाला रडूच आलं. तो रडला आणि पळाला, दोन्ही एकाच वेळी.

भुजंगचं सगळं बरं चाललं होतं, पण आष्टीकडची जमीन काळी आणि गाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल. चाकोरीत शिरलेली सायकल जिकडे चाकोरी जाईल तिकडेच जाते. भुजंग दोनदा एका म्हाताऱ्याच्या मळ्यात जाऊन परत आला. तरीही तो ओढ्याच्या उताराशी पोचला तेव्हा कडूबा अर्धा कोस मागे होता. तिथे मात्र गाळ होता. भुजंगनं चाक घातलं, चाक रुतलं. त्यानं सायकल उपसली, पाठीवर घेतली आणि थैली डोक्यावर धरून पाण्यात उतरला.

इकडे कडूबा आपल्या नेहमीच्या जागी आला. पलीकडच्या काठावर खुर्ची, खुर्चीत कमरोद्दीन साहेब, मागे निम्मी आष्टी. पुढे ख्वाजामियाँ आणि गोजरबाई. उजवीकडे दूर, उतारापाशी, भुजंग सायकल पाठीवर घेऊन पाण्याच्या मध्याशी आलेला दिसत होता. पाठीवरची घंटी प्रत्येक पावलाला वाजत होती.

कडूबानं धाव घेण्यासाठी मागे पाहिलं. पण साहेब थेट त्याच्याचकडे पाहत होते. आणि साहेब समोर बसलेले असताना त्यांच्या अंगावर धावत कसं जायचं? सलाम न करता कसं जायचं? आणि सलाम करायचा तर पायांत जोडा ठेवून? आईबापानं शिकवलेलं त्याला एकदम आठवलं. त्यानं नाडीचं लांब टोक ओढलं. एक बूट गेला. दुसरं ओढलं. दुसरा गेला.

"ऐ! बूट क्यों निकाला?" साहेब खुर्चीतून उठले.

"सरकारापुढं जोडा घालून उभं राहायचं, ही हिंमत कडूबाच्या सात पिढ्यांत न्हाई!" कडूबा पलीकडून ओरडला.

निम्मी आष्टी "बराबर!" म्हणाली. सलामासाठी बूट काढू नयेत असं साहेबांच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. ते परत बसले आणि सलाम घेण्यासाठी ताठ झाले.

कडूबानं काठी आणि थैली पाठीशी आवळली आणि सलाम सुरू केले. पहिला. गुडघे वाकले, टाचा टेकल्या, वर आला. दुसरा. उघड्या टाचांमागच्या शिरा ताणल्या आणि सुटल्या. तिसऱ्याला तो बोटभर वर उचलला गेला. चौथ्याला वीतभर. "ठण्ण!" ख्वाजामियाँ पुटपुटला. पाचव्याला कडूबाच्या पायांखालून एक पाखरू गेलं असं सांगतात. मी ते पाखरू पाहिलेलं नाही, म्हणून त्याविषयी बोलत नाही. सहावा हातभर. आणि सातव्याला कडूबा खाली गेला.

"रुकना!" साहेब म्हणाले.

"थांबू नको!" ख्वाजामियाँ आणि गोजरबाई एकदमच ओरडले.

तात कुणाचंच ऐकत नाही. ती ताणली आणि तिनं फेकलं. कडूबा नऊ हातांचा ओढा ओलांडून आला, काठ ओलांडला आणि खुर्चीकडे निघाला. साहेबांनी पाहिलं, की आपल्या डोक्यावर टपाल येत आहे. त्यांनी घाईघाईनं उजवा हात वर नेला आणि टोपी धरली. कडूबाच्या टाचेनं गोंड्याला हलकासा वारा घातला आणि तो खुर्चीच्या पलीकडे मऊ मातीत उतरला.

"सायबानं सलाम केला!" मागून कुणीतरी ओरडलं. "कडूबाला सलाम केला, म्या डोळ्यानं बघितलं!"

साहेबांचा हात अजून कपाळाशीच होता. आता तो खाली घ्यायचा कसा, हे त्यांना समजेना. पण कडूबा मागे पाहायला थांबला नव्हता. त्याच्या उघड्या टाचा जमिनीला लागत होत्या आणि जमीन त्याला पुढे फेकत होती. चावडीपुढची अडीच हातांची नाली त्यानं पाहिलीसुद्धा नाही. पायरीवर त्यानं थैली ठेवली, तिच्यावर तळहात फिरवला. खडखडीत कोरडी. मग मागून घुंगरांचा आवाज येऊन पोचला. बाकीचे गावकरी त्याच्याही नंतर.

भुजंग आला तेव्हा डोक्यावरून ओढ्यात निसटलेल्या त्याच्या थैलीतून पाणी गळत होतं आणि सायकल अजून त्याच्या पाठीवरच होती. रस्ता कोरडा लागूनही उतरवायची त्याला आठवण राहिली नव्हती. "काका," तो धापा टाकत म्हणाला, "सायकलीला पायापेक्षा जास्त पाय लागून राह्यले." कडूबानंच ती उतरवून घेतली.

साहेब दिलाचे मोठे निघाले. पायरीशी टेकवलेली घुंगरांची काठी उचलून कडूबाच्या हातात देत त्यांनी सांगितलं, "हरकारा यही रहेगा." मग घसा साफ केला. "मगर बूट पहनना पड़ेगा. हम रोज़ ओढ्यापे नहीं बैठ सकते. हुकुम काग़ज़ पे है, और काग़ज़ हमारे बस्ते में है."

सगळ्यांचे चेहरे उतरले. गोजरबाईचा तेवढा उतरला नाही, पण तिलाही त्या वेळी काही सुचलं नसावं.

दुसऱ्या दिवशी साहेब परत जायला निघाले. ओढ्याच्या अलीकडे त्यांनी दमणी थांबवली, गाडीवानाला उतारावरून वळसा घालून पुढे जायला सांगितलं, बस्ता काखेत मारला आणि "हम आते," म्हणून एकटेच खडकांकडे गेले. थैली आणायला परतूरला निघालेला कडूबा मागून येत होता. तो बाभळीआड थबकला.

साहेबांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. पंपशू काढून शेजारी नीट मांडले. आणि समोर कुणी नसताना, रिकाम्या ओढ्याला, सलाम करायला लागले. पहिला. दुसरा. तिसऱ्याला गोंडा उडायला लागला. पाचव्याला चक्क साहेबही उडायला लागले. रबराचा चेंडू जसा. सहावा इतका झकास झाला, की कडूबा आपल्यालाच उडायचं आहे अशा तयारीनं वाकला. सातव्याला साहेब खाली गेले.

आणि थांबले. हैदराबादची शिस्त अंगात मुरलेली. जवाब मिळेपर्यंत वर यायचं नाही. ओढा जवाब देईना. बऱ्याच वेळानं साहेबांच्या ध्यानात आलं, की इथे आपल्यापेक्षा मोठं कुणीच नाही. तेव्हा ते उडाले आणि सरळ खाली, जिथे कडूबा पडला होता, बरोबर तिथेच पडले.

तासाभरात गोजरबाईच्या अंगणात दोरीवर एक शेरवानी, एक पायजमा आणि बस्त्यातले सगळे कागद वाळत होते. बाजेवर ख्वाजामियाँची नवी रजई पांघरून साहेब चहा पीत होते. टोपी चुलीजवळ सुकत होती, त्यामुळे राग आला आहे की नाही हे कुणाला कळायला मार्ग नव्हता.

"हमने भी सात ही किए थे," साहेब शेवटी हळूच म्हणाले.

"किए, हुजूर. मगर सातवे को रुक गए," ख्वाजामियाँ अदबीनं म्हणाला. "तात जवाबाची वाट न्हाई बघत."

साहेबांनी बशीतला चहा संपवला. त्यांनी बशी खाली ठेवली तोच दोरीकडून कागद फाटल्याचा आवाज आला. गोजरबाईनं चंद्रीला बांधलं होतं. अगदी नीट बांधलं होतं. फक्त गाठ तीच होती, एक टोक ओढलं की खल्लास, आणि ते टोक चंद्रीच्या तोंडाला पोचेल एवढं लांब होतं.

"कौनसा काग़ज़ है?" साहेबांनी रजईतून मान काढली.

कडूबाला वाचता येत नव्हतं. पण त्या कागदावर छापलेलं बुटाचं चित्र त्याला ओळखता आलं. निम्मं चित्र. उरलेलं निम्मं चंद्री चावत होती.

"बुटाचा हुकूम हाय, सरकार," तो म्हणाला. "व्हता."

साहेबांनी कडूबाच्या उघड्या टाचांकडे पाहिलं, मग बाजेखाली वळवलेल्या स्वतःच्या उघड्या टाचांकडे पाहिलं. "काग़ज़ नहीं," ते सावकाश म्हणाले, "तो हुकुम नहीं."

मग रजईतून त्यांचा उजवा हात बाहेर आला, कपाळाला लागला आणि जवाबाची वाट बघत तिथेच थांबला.

चंद्रीनं शेवटचा घास गिळला आणि मान खाली घालून वर केली. साहेबांनी हात खाली घेतला.